१/३५ : इटलीतला शेव्हरले सी-१५ए, ८ वी भारतीय डिव्हिजन. संदर्भ कुठून आणि कसे काढायचे?

पस्तिशीतला_ट्रक :
शेव्हरले सी-१५ए या दुसऱ्या महायुद्धातल्या, कॅनडात बनलेल्या लष्करी ट्रकचा १/३५ प्रमाणातला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) मॉडेल किट आहे, १३ नंबरच्या केबिनचा. तो १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचा (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), इटलीतला, नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ चा (सांग्रो ते मोरो नदी) करायचा आहे. अडलेल्या गोष्टी अशा :
- रंग कोणता? वाळवंटी पिवळा की हिरवा?
- डिकल शीटवरचा (चिकटवायच्या खुणांच्या कागदावरचा) नंबर 'सीझेड'ने सुरू होतो. तो चालेल का?
- हौद्यात बेली पुलाची (सुटे भाग जोडून उभारायचा लष्करी पूल) चार-पाच पॅनेल टाकायचा बेत आहे.
- नेटवर शोधलं की तेच ते दहा-बारा फोटो पुन्हा पुन्हा येतात. पुढे कुठे जायचं?

फाळका :
आधी पॅनेलचं बघू, कारण तिथे बेतच बदलावा लागेल. बेलीचं एक पॅनेल १० फूट लांब, वजन ५७० पौंड, उचलायला सहा माणसं. तुमची गाडी १५ हंड्रेडवेटची, म्हणजे १६८० पौंड माल. तीन पॅनेलचेच १७१० होतात. लांबीचाही घोळ आहे : सी-१५ए चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०१ इंच आणि पॅनेल १२० इंच. १/३५ मध्ये व्हीलबेस ७३.३ मिमी, पॅनेल ८७ मिमी. फाळका पाडून ठेवलं तरी बराच भाग बाहेर लोंबणार आणि बघणाऱ्याला पहिली चूक तीच दिसणार.

पॅनेल थ्री-टनरवर, म्हणजे तीन टनी लॉरीवर जायची. त्यातल्या शेव्हरले सी-६०एल चा व्हीलबेस १५८ इंच, म्हणजे ११४.७ मिमी. तीन टनांचे ६७२० पौंड धरले तर ११ पॅनेल बसतात, बारावं घातलं की १२० पौंड जास्त. मॉडेलवर वीस पॅनेल रचलेली दिसतात, ती खऱ्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांनी पेलली नसती. शिवाय पूल हे इंजिनिअर तुकड्यांचं काम आणि थ्री-टनरचा मोठा ताफा सर्व्हिस कोअरचा, म्हणजे आरआयएएससीचा (रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर). पायदळाच्या पलटणीच्या १५ हंड्रेडवेट गाडीत पलटणीचंच सामान शोभतं : ब्लँकेटच्या गुंडाळ्या, दारूगोळ्याच्या पेट्या, पाण्याचे आणि पेट्रोलचे डबे, फावडी, कुदळी, लंगरची भांडी. तेही एका कामाचं असू द्या. दारूगोळा नेणारी गाडी असेल तर भांडी नकोत.

पूलच हवा असेल तर विषय बदला, आणि विषय तयारच आहे. डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदीवर ८ व्या भारतीय डिव्हिजनच्या इंजिनिअरांनी बेली पूल शत्रूच्या काठावरून आपल्या काठाकडे, उलटा बांधत आणला. 'इम्पॉसिबल ब्रिज' म्हणून तो ओळखला जातो. अलीकडच्या काठावर जागाच नव्हती म्हणून ही उलटी गंगा. त्याच्या डायोरामात (छोट्या देखाव्यात) थ्री-टनर हवा.

झेड_नंबर :
'सीझेड' अजिबात नको. ब्रिटिश पद्धतीत नंबराआधीचं अक्षर गाडीचा वर्ग सांगतं : 'झेड' म्हणजे १५ हंड्रेडवेटपर्यंतचे ट्रक, 'एल' म्हणजे मोठ्या लॉऱ्या, 'एम' मोटारी, 'टी' रणगाडे आणि कॅरिअर. त्याच्याही आधी 'सी' आला की ती गाडी कॅनेडियन सैन्याची. ट्रक कॅनडात बनला म्हणून 'सी' लागत नाही, तो कोणाच्या ताब्यात होता यावर लागतो. भारतीय डिव्हिजनकडचा तोच ट्रक नुसत्या 'झेड'ने सुरू होणार.

पण सुरीने 'सी' खरवडून उरलेला आकडा तसाच ठेवायचा, हा शॉर्टकट टाळा. आकडे कंत्राटाच्या गठ्ठ्यांनी दिलेले असत. कॅनेडियन गठ्ठ्यातला नंबर ब्रिटिश खात्यावर दाखवला की जाणकाराच्या लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा फोटोत दिसणाऱ्या त्याच जातीच्या गाडीचा नंबर घ्या.

डिव्हिजनची खूण क्लोव्हरच्या तीन पानांची. पलटण २१ व्या ब्रिगेडमध्ये होती. डिव्हिजनच्या १७, १९ आणि २१ या ब्रिगेडांत ती सगळ्यात धाकटी, म्हणून ब्रिटिश रंगपद्धतीत तिचा, गाडीवर तुकडी ओळखण्यासाठी रंगवायचा चौकोन तपकिरी, वर पांढरा आकडा (थोरली लाल, मधली हिरवी). आरआयएएससीच्या गाडीचा चौकोन तिरका कापलेला, लाल-हिरवा. कृष्णधवल फोटोत लाल आणि हिरवा जवळपास सारखेच करडे येतात, त्यामुळे एकसलग काळपट चौकोन दिसला म्हणून लगेच 'पायदळ' ठरवू नका. फोटो मोठा करून तिरकी रेघ शोधा.

समोर पिवळ्या गोलात काळा आकडा असतो तो पुलाच्या वर्गाचा. तो भरलेल्या गाडीच्या वजनाप्रमाणे, म्हणजे थ्री-टनरचा आकडा १५ हंड्रेडवेटवर चालत नाही. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवा आणि त्यावरच उजेड पाडणारा बारीक दिवा लावा. रात्री ताफ्यातला मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्याच्या मागे चालायचा. किटमध्ये हा दिवा नसला तर स्प्रूचा (किटचे भाग ज्याला जोडलेले असतात ती प्लॅस्टिकची काडी) १ मिमीचा तुकडा पुरतो.

कोरडा_ब्रश :
रंगाचं उत्तर डिव्हिजनच्या प्रवासात आहे. १९४१ ते १९४३ ही डिव्हिजन इराक, इराण, सीरिया या भागात होती आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत टारांटोला उतरली. म्हणजे गाड्या मध्यपूर्वेच्या आदेशांप्रमाणे रंगलेल्या. तिथला एप्रिल १९४३ चा आदेश : अंगाला 'लाइट मड', वर निळसर काळ्याचे मोठे ठळक पट्टे. जुन्या गाड्यांवर आधीचा फिकट 'लाइट स्टोन' राहिलेला असू शकतो. एससीसी १५ नावाचा ऑलिव्ह हिरवा १९४४ चा, त्यामुळे नोव्हेंबर १९४३ साठी तो बादच.

लाइट मड म्हणजे वाळवंटी पिवळा नव्हे. करडेपणाकडे झुकणारी फिकट खाकी. बाटलीतून थेट न लावता टाकाऊ प्लॅस्टिकवर पट्टा ओढा, सुकू द्या, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली तो हमखास हिरवट वाटतो, मग हात आपोआप पिवळा मिसळायला जातो. पट्ट्यांची कड ब्रशची असू द्या, एअरब्रशची धूसर कड नको.

सांग्रोचा चिखल वेगळा थर म्हणून शेवटी. तिथे पावसाने नदी फुगली, पूल वाहून गेले, रस्ते लगद्याचे झाले. चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि चाकांमागे जाड, बॉनेटवर फक्त शिंतोडे. सगळ्या गाडीला एकसारखा फासला की ती मातीत पुरून काढल्यासारखी दिसते.

फाळका :
फोटोंबद्दल. 'इंडियन ट्रूप्स इटली' हा शब्दप्रयोग सोडा. लंडनच्या इंपिरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहात उत्तर आफ्रिका-इटलीच्या लष्करी छायाचित्रांचे क्रमांक 'एनए'ने सुरू होतात. तिथे गावाच्या आणि नदीच्या नावाने शोधा : सांग्रो, मोझाग्रोन्या, लांचानो, मोरो, काल्दारी. एक फोटो सापडला की त्याच्या पुढचे-मागचे पाच-दहा क्रमांकही उघडा. छायाचित्रकार त्याच जागी उभा असतो, आणि कामाचा ट्रक पुष्कळदा दुसऱ्याच फोटोच्या कोपऱ्यात असतो.

मोठा धोका एकच. त्याच पट्ट्यात १ ली कॅनेडियन डिव्हिजन शेजारी लढत होती आणि ट्रक त्याच जातीचे. ऑर्टोनाच्या आसपासचा सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्नचा ट्रक, आपला सी-१५ए त्यातलाच) दिसला तर आधी कॅनेडियन समजा. खूण किंवा नंबर दिसला तरच भारतीय म्हणा. हौद्यात बसलेल्या माणसांवरून गाडीची मालकी ठरत नाही, वाहतूक दुसऱ्याच तुकडीची असायची.

ट्रक ओळखताना काच बघा. ११ आणि १२ नंबरच्या केबिनची पुढची काच उभी, १३ ची तिरकी, खालची कड आत गेलेली. १३ ची केबिन १९४१ च्या अखेरीस आली, म्हणून १९४३ ला दोन्ही एकाच ताफ्यात शोभतात. जाळीवरून कंपनी कळते : शेव्हरलेच्या जाळीचे चौकोन तिरके, फोर्डचे सरळ. 'ए' म्हणजे चारही चाकांना ताकद, तेव्हा पुढच्या अ‍ॅक्सलवर गोळा दिसायला हवा.

कागद हवे असतील तर इटलीतल्या तुकड्यांच्या युद्धनोंदी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत : १९४३ साठी आधी 'डब्ल्यूओ १६९' ही मालिका बघा, त्यापुढच्या 'डब्ल्यूओ १७०' मध्ये. रोजच्या मजकुरापेक्षा परिशिष्टं उलटा. हालचालीच्या आदेशांत गाड्यांची संख्या, क्रम आणि मुक्काम मिळू शकतो. मालिकेत तुकडीचं नाव आणि वर्ष घालून शोधा, नुसतं 'मराठा' घातलंत तर पसारा येईल.

पस्तिशीतला_ट्रक :
पॅनेल बाद. दारूगोळ्याच्या पेट्या आणि ब्लँकेटं ठेवतो. भरलेली गाडी दाखवायला चाकं थोडी घासली की झालं ना?

कोरडा_ब्रश :
नुसती चाकं घासून गाडी फक्त बुटकी होते. मागचे पाटे चिकटवण्याआधी त्यांच्या टेकूवरून अर्धा मिलिमीटर तासा, म्हणजे हौद्याचा मागचा भाग खाली येईल. मग टायरचा जमिनीला टेकणारा भाग घासा, मागचा पुढच्यापेक्षा किंचित जास्त. चाकं चिकटवताना गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवा, नाहीतर एक चाक अधांतरी राहतं. पेट्या हौद्यात पुढे, केबिनला टेकवून रचा. मागे रचल्या तर चढावर पुढची चाकं हलकी होतात, आणि सांग्रोच्या चिखलात कोणी ड्रायव्हर तसं भरू देणार नाही.