मदत हवी आहे: मामाचा ऑस्बॉर्न-१ आणि फ्लॉप्यांमधली पत्रं

साखरतर:

नमस्कार मंडळी,

जुन्या संगणकांची माहिती असणाऱ्यांची मदत हवी आहे. सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

माझा मामा १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाला गेला आणि तिकडचाच झाला. १९८२ मध्ये त्याने ऑस्बॉर्न-१ घेतला. मामा गेल्यावर मामी रत्नागिरीला आली, ती हा संगणक कपड्यांत गुंडाळून, २३ किलोच्या बॅगेत घालून घेऊन आली. एकट्या यंत्राचंच वजन जवळपास ११ किलो. "तिकडे कोणाला देववत नाही, तू सांभाळ," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोन पावसाळे तो आमच्या माळ्यावर आहे.

बंद असताना शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसतो. झाकण काढलं की तेच झाकण म्हणजे कीबोर्ड. मधोमध पाच इंची पडदा, दोन्ही बाजूंना फ्लॉपी (माहिती साठवायची पातळ चुंबकीय चकती) वाचायचे ड्राइव्ह आणि त्यांच्याखाली फ्लॉप्या ठेवायचे खण. खणांत १४ फ्लॉप्या निघाल्या. त्यांतल्या नऊंवर मामाच्या अक्षरात "आईस पत्रे" असं लिहिलंय आणि पुढे साल.

मामा रोमन लिपीत मराठी पत्रं टाइप करून, प्रिंटरवर छापून आजीला पाठवायचा. आजीला रोमन वाचता येत नसे, म्हणून आई मोठ्याने वाचून दाखवायची. त्या पत्रांचं गाठोडं पुढे वाळवीने खाल्लं, फक्त तीन पत्रं उरली. त्या तिन्हींत मजकूर डावीकडे अरुंद पट्टीत आहे आणि उजवीकडे तळहाताएवढा कागद कोरा. आजी त्या कोऱ्या जागेत दुधाचा हिशोब लिहायची. आई म्हणते, मामा ती जागा आजीसाठीच सोडायचा.

तर मला आधी हे सांगा, हा संगणक चालू करून बघू का? घरात २३० व्होल्ट, मागच्या पाटीवर अमेरिकेचा दाब लिहिलाय. नाही तर फ्लॉप्या दुसऱ्या कशावर वाचता येतील का? बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण ती पत्रं मला हवी आहेत. आई आता ८१ वर्षांची आहे.

आणखी एक. भाचीच्या शाळेत प्रदर्शन आहे, तिथे हा ठेवायचा म्हणते. पाटीवर "जगातला पहिला लॅपटॉप" लिहिलंय तिने. मामाही असंच सांगायचा. हे बरोबर आहे का?

---

आंबोळी:

थांबा! प्लग लावू नका.

२३० व्होल्टचा धोका तर आहेच, पण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही लगेच चालू करू नका. त्या काळच्या पॉवर सप्लायमध्ये वीज आत येते तिथे कागदी फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या वेष्टणाला तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि वीज दिल्यावर थोड्याच वेळात ते धूर सोडून फुटतात. ते आधी बदलून घ्यायचे. काम सोपं आहे, पण पेटी स्वतः उघडू नका. आत पिक्चर ट्यूब आहे आणि तिच्यावरचा उच्च दाब यंत्र बंद असतानाही राहू शकतो. जुने टीव्ही दुरुस्त केलेला मेकॅनिक गाठा.

पत्रांसाठी मात्र हा संगणक चालू करायची गरजच नाही. उलट तो चालू करून त्यातच फ्लॉपी घालणं सगळ्यात धोक्याचं, कारण त्याच्या ड्राइव्हची काय अवस्था आहे हे कोणालाच माहीत नाही.

ऑस्बॉर्न-१ च्या मूळ फ्लॉप्या सिंगल डेन्सिटी, म्हणजे माहिती विरळ लिहायच्या जुन्या पद्धतीच्या आहेत. एका बाजूला ४० ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येक ट्रॅकवर १० सेक्टर (तुकडे), सेक्टरला २५६ बाइट. म्हणजे १०० केबी, आणि पहिले तीन ट्रॅक सिस्टिमचे सोडले की मजकुराला ९० केबीच्या थोडी वर जागा. बऱ्याच जुन्या पीसींचे फ्लॉपी कंट्रोलर सिंगल डेन्सिटी वाचतच नाहीत, त्यामुळे "फ्लॉपी खराब आहे" असा संदेश आला तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स नावाचे बोर्ड मिळतात. सव्वापाच इंची ड्राइव्ह त्यांना जोडायचा, ते यूएसबीतून फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतात. अर्थ लावायचं काम नंतर संगणकावर निवांत करता येतं. माझ्याकडे ग्रीसवीझल आहे, मी पुण्यात असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तोवर एक करा. फ्लॉपीच्या कडेला चौकोनी खाच असते, तिच्यावर चिकटपट्टी लावा. खाच बुजली की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही.

---

खडूफळा:

पाटीबद्दल मी सांगतो. "पहिला लॅपटॉप" नको. मांडीवर ११ किलो कोण घेणार? शिवाय त्यात बॅटरीच नाही, भिंतीतलं सॉकेट हवंच.

"पहिला पोर्टेबल" म्हणायलाही अडचण आहे. आयबीएमने ५१०० हे यंत्र १९७५ मध्येच काढलं होतं. पडदा तसाच पाच इंची, वजन २० किलोच्या वर आणि किंमत जवळपास ९,००० डॉलरपासून २०,००० पर्यंत. ते घेणार संशोधक आणि मोठ्या कंपन्या. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९७८ च्या सुमारास नोटटेकर तयार झाला. लहान पडदा, झाकणाचाच कीबोर्ड, म्हणजे तुमच्या पेटीचा थोरला भाऊच, पण तो बाजारात आलाच नाही.

आणि मांडीवर खरंच मावणारी यंत्रं ऑस्बॉर्नच्या पाठोपाठच आली. एप्सनचा एचएक्स-२० सुमारे १.६ किलोचा, बॅटरीवर चालणारा, आत छोटा प्रिंटरसुद्धा होता. पण पडद्यावर फक्त चार ओळी, ओळीत २० अक्षरं. १९८२ चा ग्रिड कंपास बिल मॉग्रिजने रेखाटला. मॅग्नेशियमची पेटी आणि पुस्तकासारखा उघडणारा सपाट पडदा, म्हणजे आजच्या लॅपटॉपचा घाट तोच. किंमत ८,१५० डॉलर. तो अवकाशयानातही गेला.

मग ऑस्बॉर्नचं मोल कशात? माझ्या मते किमतीत. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक मेळाव्यात तो मांडला तेव्हा किंमत होती १,७९५ डॉलर, आणि त्यात वर्डस्टार (लेखनाचा प्रोग्रॅम), सुपरकॅल्क (आकडेमोडीचा) आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचे दोन प्रोग्रॅम आलेच. हे प्रोग्रॅम सुटे घेतले असते तर त्यांचीच किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळपास गेली असती. पगारदार माणसाने विकत घेऊन घरी न्यावा असा तो संगणक होता. तुमच्या मामांनी घेतला, यातच सगळं आलं. पाटीवर लिहा: "मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पोर्टेबल संगणक, १९८१".

---

सॅनहोजेकर:

मी १९८३ मध्ये इकडे आलो. ऑफिसात एक ऑस्बॉर्न होता, ज्याची पाळी असेल तो शनिवार-रविवार घरी न्यायचा. पार्किंगपर्यंत नेताना दोनदा हात बदलावा लागे. विमानात सीटखाली बसावा या मापाने तो केला होता.  यंत्र ली फेल्सेन्स्टाइनने रचलं, कल्पना आणि कंपनी ॲडम ऑस्बॉर्नची.

ॲडम ऑस्बॉर्नबद्दल मामा काही बोलायचा का? जन्म बँकॉकचा, पण लहानपण तमिळनाडूत गेलं. वडील रमण महर्षींचे भक्त, मुक्काम तिरुवन्नामलैला. ११ व्या वर्षी तो इंग्लंडला गेला, पुढे केमिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला, मग संगणकांवरची पुस्तकं लिहून छापू लागला. १९८३ मध्ये त्याने पुढचं मॉडेल, एक्झिक्युटिव्ह, जाहीर केलं आणि लोकांनी जुनं घेणं थांबवलं, असं सगळे सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. केप्रो या दुसऱ्या कंपनीने तेवढ्याच पैशांत नऊ इंची पडदा दिला होता आणि कॉम्पॅक कंपनीच्या पेटीत आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम चालत. गिऱ्हाईक तिकडे वळणारच होतं. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. शेवटच्या आजारपणात तो बहिणीकडे कोडैकानलला परतला, आणि २००३ मध्ये तिथेच वारला.

तुमच्या पत्रांच्या कोऱ्या जागेबद्दल. ऑस्बॉर्नच्या पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरंच दिसायची. त्याहून लांब ओळ लिहिता येई, पण मग पडदा आडवा सरकवत बसावं लागे आणि वाक्याची सुरुवात नजरेआड जाई. आम्ही बहुतेकजण वर्डस्टारमध्ये उजवा समास ५२ च्या आत आणून ठेवायचो. कागदावर १० अक्षरांचा इंच धरला तर साडेआठ इंची कागदात मजकूर पाच इंचांच्या जरा पुढे संपतो.

---

साखरतर:

सर्वांचे मनापासून आभार. यंत्राला हात लावलेला नाही. आंबोळी यांच्याकडे गेल्या रविवारी दोन फ्लॉप्या स्वतः घेऊन गेलो, कुरिअरने पाठवायला मन धजेना.

पहिली पूर्ण उतरली. एकही सेक्टर गेला नाही. तिच्यात ११ फायली आहेत. उघडल्यावर आधी माझा धीर सुटला, कारण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच चिन्ह होतं. आंबोळी हसले आणि म्हणाले, ही वर्डस्टारची खूण. शब्द कुठे संपतो हे लक्षात ठेवायला तो शेवटच्या अक्षराचा आठवा बिट (त्याच्या ०-१ च्या संकेतातला आठवा अंक) चढवून ठेवायचा. त्यांनी दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळीकडचा तो बिट उतरवला आणि समोर सरळ मराठी आलं. पहिलंच पत्र फेब्रुवारी १९८३ चं. थंडी, नवं भाड्याचं घर, आणि आईने पाठवलेलं मेतकूट कस्टमवाल्याने कसं हुंगून बघितलं ते. मी तिथेच दोनदा वाचलं.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. मेतकुटाचं तिला आठवत होतं, पुढचं वाक्य तिनेच आधी म्हटलं. मग ५२ अक्षरांचं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर ट्रंकेतून ती तीन पत्रं काढली आणि पेन्सिलीचं टोक टेकवत ओळीतली अक्षरं मोजायला बसली. मोकळ्या जागा धरून एकही ओळ ५२ च्या पुढे नाही. "पण हिशोबाला जागा झाली ना," म्हणाली.

भाचीने पाटी बदलली आहे. ऑस्बॉर्न तमिळनाडूत वाढल्याचंही तिला लिहायचंय. मामा त्याला "आपल्याकडचा" म्हणायचा, ते का हे मला आत्ता कळलं.

आता पुढची अडचण. दुसऱ्या फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून चकतीवर पांढरट ठिपके दिसतात. आंबोळी यांनी ती ड्राइव्हमध्ये घालायलाच नकार दिला, बुरशी ड्राइव्हच्या हेडला (वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या फ्लॉप्याही खरवडल्या जातात म्हणाले. घरी परत बघितलं तर उरलेल्या सातांपैकी तिघींवर तेच आहे. सगळ्या माळ्यावरून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवल्यात. वरचं वेष्टण कापून चकती बाहेर काढायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची असं वाचलं. कोणी हे स्वतः केलंय का? वेष्टणाची कुठली कड कापायची, आणि पुसताना कापड कोणतं वापरायचं? रत्नागिरीत कोणी जाणकार असेल तर मी येऊन भेटेन.