मदत हवी: घरच्या फायरवॉलसाठी (नेटवर्कची राखण करणारा राउटर) इंटेलची जे४१२५ चिप की एन१००? (इन्व्हर्टरवर चालवायचाय)

मंडळी, बेळगावात टिळकवाडीला घर आहे. खाली आम्ही, वर कॉलेजची पोरं भाड्याने. फायबर एकच, ३०० एमबीपीएसचं, पीपीपीओई लॉगिनवालं (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं). सध्या अडगळीतल्या तिसऱ्या पिढीच्या आय५ डेस्कटॉपवर ओपीएनसेन्स (फायरवॉल-राउटरचं सॉफ्टवेअर) टाकलंय. चालतंय झकास, पण प्लगला मीटर लावला तर काही काम नसतानाही ४८ वॅट! महिन्याला जवळपास ३५ युनिट नुसत्या राउटरला. बिलाचं एक वेळ सोडा, पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल त्याचा नेम नाही, आणि इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि हे धूड एवढं सगळं भागत नाही. एक पंखा बंद करा म्हटलं की आई राउटरच बंद करते.

काम एवढंच: वरच्या पोरांचं नेटवर्क व्हीलॅनने (त्याच वायरिंगवर आभासी नेटवर्क करून) वेगळं ठेवायचं, जाहिराती डीएनएसलाच (साइटच्या नावावरून पत्ता शोधतानाच) अडवायच्या आणि खानापूरकडच्या शेतघरातले कॅमेरे वायरगार्डने (व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणी) बघायचे. सुरिकाटा (ट्रॅफिकमधले हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवायची हौस आहे, गरज नाही.

बेंगळुरूच्या एसपी रोडवर चौकशी केली. एकाकडे जुन्या जे१९०० चिपचा सेकंडहँड डबा स्वस्तात आहे, "ह्यात पण चार कोअर आहेत की सर" म्हणतोय. दुसऱ्याकडे जे४१२५ आणि नवा एन१००, दोन्ही बिनपंख्याचे, चार लॅन पोर्टवाले. एआरएमचे (मोबाइलमध्ये असतात तसल्या चिपांचे) छोटे बोर्ड नकोत, ओपीएनसेन्सची अधिकृत आवृत्ती त्यांच्यासाठी निघत नाही आणि आता नवीन काही शिकायचा कंटाळा आहे.

जे४१२५ चा टीडीपी (चिपच्या उष्णतेचा कंपनीने दिलेला आकडा) १० वॅट, एन१०० चा ६. म्हणजे एन१०० कमी वीज खाणार असं धरायचं का? आणि राउटरला मिळतो तसला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस ह्याला चालेल?

प्रतिसाद, निपाणीहून:

टीडीपीवरून विजेचा हिशोब करू नका. तो आकडा चिप थंड ठेवण्याच्या सोयीसाठी असतो. टर्बोत (जोर लागला की चिप वेग वाढवते तेव्हा) एन१०० सहाच्या बराच वर जातो. रिकामे असताना दोन्ही डबे साधारण १० वॅटच्या आगेमागे, आणि जो फरक पडतो तो रॅम, एसएसडी, लॅनच्या चिपा आणि अ‍ॅडॉप्टर यांनीच जास्त.

खरी गोम पीपीपीओईत आहे. ओपीएनसेन्सच्या खाली फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. पीपीपीओईच्या वेष्टणामुळे नेटवर्क कार्डाला आतला आयपी दिसत नाही, म्हणून येणारं ट्रॅफिक वेगवेगळ्या रांगांत वाटता येत नाही, सगळं एकाच कोअरच्या डोक्यावर. तेव्हा चार कोअर म्हणून खूश होऊ नका, एका कोअरमध्ये किती दम आहे ते बघा. एन१०० चा कोअर जे४१२५ पेक्षा दीडपटीहून जोरदार. पण ३०० ला जे४१२५ पुरून उरतो. गिगाबिट घेणार असाल किंवा सुरिकाटाची हौस खरंच भागवायची असेल, तरच एन१००.

जे१९०० फुकट दिला तरी विचार करा. २०१३ ची चिप, एईएस-एनआय (एईएस एन्क्रिप्शन वेगात करायची चिपमधली सोय) नाही. वायरगार्डचं त्यावाचून अडत नाही, तो चाचा२० ही वेगळी एन्क्रिप्शन पद्धत वापरतो. पण उद्या ओपनव्हीपीएन (दुसरं व्हीपीएन, सहसा एईएसवर चालणारं) लागला की रडाल.

लॅनची चिप इंटेलची आहे ना, ते आधी विचारा. आय२११ किंवा आय२२६ उत्तम, सुरुवातीच्या आय२२५ ला दोष होते. रिअलटेकचं फ्रीबीएसडीशी फारसं पटत नाही.

मिनी यूपीएसवर अँपिअर वाचा. राउटरचे बरेचसे २ अँपिअरचे असतात, ह्या डब्यांचे अ‍ॅडॉप्टर ३ ते ५ चे. एरवी चालेल, पण बूट होताना दम टाकेल. बायोसमध्ये (डब्याच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट खाली ओढता आली तर बघा. आणि सीजीनॅटच्या मागे आहात का (बाहेरून दिसणारा एकच पब्लिक आयपी कंपनी बऱ्याच ग्राहकांत वाटते ते)? असाल तर नेहमीच्या आयपीव्ही४ वरून शेतघरातून वायरगार्ड घरापर्यंत पोचणारच नाही. आधी पब्लिक आयपी मागा.

मूळ धागाकर्ता:

सीजीनॅटच आहे, आत्ताच तपासलं. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, ज्यांना सीजीनॅट लागत नाही) मात्र मिळतंय. शेतघरातल्या फोर-जी डोंगलवरही आयपीव्ही६ असेल तर पब्लिक आयपीचे पैसे वाचतील का? जे४१२५ पक्का करतोय, आय२११ वाला.