भित्रं पिल्लू आणि गल्लीतली कुत्री: तुमचे अनुभव लिहा

जळगाव
आमची बिजली साडेचार महिन्यांची, गावठी. नाव बिजली, पण समोर कुत्रं दिसलं की फ्यूज उडतो. मेहरूण तलावाकडे नेलं की लांबून कुत्रं दिसताच उभ्या स्कुटीखाली पोट टेकून बसते. मग तिला बाहेर काढायला मी रस्त्यावर आडवी.

श्रावणात पावसात एकटीच सापडली, जेमतेम ५ आठवड्यांची. भावंडांशी कुस्त्या खेळत पिल्लं जे शिकतात ते तिचं राहूनच गेलं. त्यात पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या धास्तीने लसी पूर्ण होईपर्यंत आम्ही तिला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जे बघतं त्याची त्याला भीती राहत नाही, कडेवर घेऊन तरी जग दाखवायचं होतं. आता बोला!

उपदेश नकोत. काय केलं, किती दिवस लागले आणि मुख्य म्हणजे काय फसलं, ते लिहा.

भुसावळ
आमचं क्वार्टर रेल्वे कॉलनीत. मी अंतर विजेच्या खांबांनी मोजलं. कोपऱ्यावर चार कुत्री कायम पडलेली. पहिल्या दिवशी त्यांच्यापासून तीन खांब लांब थांबलो, खिशात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. शेरूची नजर कुत्र्यांकडे गेली की एक तुकडा. कुत्री दिसेनाशी झाली की तुकडे बंद. एवढंच. जवळ नेणं नाही, 'जा, खेळ' नाही.

तुकडा हाच माझा थर्मामीटर. शेरूने चिकन नाकारलं की समजायचं, आपण जास्त पुढे आलो. निमूट अर्धा खांब मागे. शिवाय तो मधेच जांभई द्यायचा, ओठ चाटायचा, उगाच जमीन हुंगत बसायचा. मला वाटायचं झोप आली असेल. ते घाबरल्याचं लक्षण, हे कळायला मला महिना लागला.

तीन खांबांवरून एका खांबावर यायला सहा आठवडे गेले. मधे मे महिना आला. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन माहीतच आहे. पहाटे साडेपाचला निघायचो आणि तरी आधी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघायचो. पाच-सहा सेकंद टिकली नाही की फिरणं रद्द. गंमत म्हणजे उन्हाने कुत्रीही मवाळ झाली होती. पहाटे थंड मातीत पाय पसरून पडायची, अंगावर येण्याचं त्राण कुणात नव्हतं. शेरूची सगळ्यात जास्त प्रगती त्याच महिन्यात झाली.

धुळे
फसलेलं मी सांगतो. मित्राच्या शेतावर वरण-बट्टीचा बेत होता, तिथे पाच कुत्री. सगळे म्हणाले, 'दे सोडून, आपोआप शिकेल.' दिलं सोडून. पाचही जणांनी घेरलं, एकाने पालथं पाडलं, पिल्लाने जागेवर मुतलं आणि कपाशीत पळालं. दोन तास शोधत होतो. बट्ट्या गार. त्यानंतर तीन महिने ते गाडीतही बसेना, कारण गाडी म्हणजे ते शेत.

मग शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या लॅब्राडोर मादीने वाचवलं. पांझरेच्या काठाने दोघांना एकाच दिशेला चालवायचो, मधे दहा-बारा फूट, पट्टे सैल. तोंडासमोर तोंड आणायचंच नाही. आठवड्याभरात अंतर आपोआप कमी झालं आणि एक दिवस आमचं ध्यान तिच्या शेपटीमागे चालू लागलं. ओळख तीन सेकंदांची, लगेच 'चल' म्हणून पुढे. पट्टा ताणून धरला की आपली भीती पट्ट्यातून त्याला कळते, हेही तिथेच शिकलो.

चाळीसगाव
'घाबरलं तर उचलू नका, लाडावतं' असं सगळे सांगतात. मी उचलते. दीड किलोचं पिल्लू आणि तीन कुत्री धावून आली तर काय तत्त्वज्ञान सांगत बसू? फक्त डोक्यावर उंच धरून नाचायचं नाही, खालची कुत्री उड्या मारतात. पाठ फिरवून शांत चालू लागायचं.

अमळनेर
माझ्यापेक्षा आमच्या आबांना जास्त कळतं. मी पिल्लाला ओढत नेत होतो तर ओट्यावरून ओरडले, 'अरे, त्याले वढू नको! कुत्राले कुत्राच शिकाडस.' त्यांनी गल्लीतल्या एका थोराड, आळशी कुत्र्याला रोज ओट्यापाशी भाकरी टाकायला सुरुवात केली. आमचं पिल्लू दाराच्या जाळीआड. पंधरा दिवस दोघं जाळीतून एकमेकांना हुंगत होती. दार उघडलं तेव्हा काहीच घडलं नाही. यालाच मी यश म्हणतो.

नंदुरबार
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. आमच्या पिल्लाला गुरगुरल्याबद्दल मी चापट मारायचो. ते गुरगुरायचं थांबलं, पण भीती थांबली नव्हती. पुढच्या वेळी सूचना न देता थेट दुसऱ्या कुत्र्याला चावलं. सोडवताना माझ्या हातालाही दात लागला. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुतलं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू केली. आता गुरगुरलं की मी 'बरं' म्हणतो आणि आम्ही दोघं लांब जातो.

रावेर
आमचं केळीच्या बागेत वाढलं. वासराला, ट्रॅक्टरला, ठिबकच्या नळीतून सुटणाऱ्या फुस्स आवाजाला, सगळ्याला घाबरायचं. शेतावरच्या जुन्या कुत्रीमागे ओळीओळीने फिरत राहिलं, तेवढंच. चार वर्षांचं झालं. अनोळखी कुत्रं दिसलं तर अजूनही माझ्या पायामागे येतं. आम्ही काही करत नाही. त्याच्या दोन मैत्रिणी आहेत, त्याला पुरतात.

जळगाव
खांब मोजायला लागून आज २३ दिवस झाले. चार खांबांवरून दोनवर. काल घराजवळच्या चहाच्या टपरीखाली तो म्हातारा तांबडा कुत्रा झोपला होता. बिजली थांबली. मी पट्टा सैल सोडला, श्वास मात्र धरला. ती सरळ न जाता अर्धं वळण घेऊन मागून गेली, मान लांब करून त्याची शेपटी हुंगली आणि जोरात शिंकली. स्वतःच्याच शिंकेला घाबरून दोन उड्या मागे.

म्हाताऱ्याने डोळाही उघडला नाही.