शिट्टी मारली म्हणून बायकोला मारणारा ठरलो काय?

यंत्रमागवाला
काल इथं रणबीर कपूरच्या 'अ‍ॅनिमल' या हिंदी पिक्चरवर 'सात रस्ता' यांनी जे लिहिलं ते आहे तसं देतो, नाहीतर उद्या म्हणतील मी असं बोललोच नाही: "'अ‍ॅनिमल' आवडला म्हणणारा माणूस घरात बायकोवर हात उचलणाराच असणार. पूर्व भागातल्या टॉकीजात ज्या शिट्ट्या पडल्या त्यावरून सोलापूरची लायकी कळली."

तर साहेब, मी त्या शिट्टीवाल्यांतला एक. दत्त नगरला राहतो, म्हणजे त्याच पूर्व भागात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कारखान्यात दोन्ही. बायकोवर हात उचलायचं सोडा, ती मालिका बघत असली तर रिमोटलाही हात लावत नाही.

शिट्टी कुठं पडली ते विचारलं का कुणाला? पहिली पडली उपेंद्र लिमये पडद्यावर आला तेव्हा. 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतलेला आपला माणूस रणबीरसमोर उभा राहून भाव खाऊन जातोय, मग नाही मारायची शिट्टी? दुसरी पडली हॉटेलातल्या मारामारीत अजय-अतुलचं 'डॉल्बीवाल्या' वाजलं तेव्हा. गणपतीत ज्या गाण्यावर नाचलो ते हिंदी पिक्चरात लागलं, पब्लिक उठणारच. आणि हिरो बाईला बूट चाटायला सांगतो त्या सीनला? आमच्या रांगेत चुळबुळ झाली. मागनं एकजण बोलला, "ए, हे जास्ती झालं बे." ते तुम्हाला कसं ऐकू येणार? तुम्ही तिथं नव्हताच.

आम्ही आंध्रातल्या रायलसीमाचे, मारधाडीचे तेलुगू पिक्चर बघत मोठे झालो. 'समरसिंह रेड्डी' 1999 चा. मांडीवर थाप मारली की समोरचा गार, कोयत्याशिवाय बोलणं नाही. बघून आलो की सकाळच्या पाळीला मागावर हजर. हातात कोयता नाही आला कधी, धोटा आला.

सात रस्ता
लांबण लावली, मुद्दा तिथंच. हा सिनेमा हिंसा दाखवतो म्हणून माझी तक्रार नाही. तीन तास एकवीस मिनिटं एक माणूस बायकोला, बाईला, सगळ्या जगाला तुडवतो आणि सिनेमा त्याच्या बाजूला उभा राहतो, ही तक्रार आहे. याच दिग्दर्शकाने 2019 मध्ये 'कबीर सिंग'च्या वेळी मुलाखत दिली होती. प्रेमात एकमेकांना थप्पड मारायची मोकळीक नसेल तर त्यात भावनाच दिसत नाही, असा तिचा सूर होता. बनवणाराच असा असेल तर बघणारा काय घेऊन घरी जाणार? जानेवारी 2024 मध्ये जावेद अख्तर संभाजीनगरच्या चित्रपट महोत्सवात हेच म्हणाले: पुरुष बाईला बूट चाट म्हणतो आणि तो सिनेमा सुपरहिट होतो, ही धोक्याची गोष्ट आहे. नऊशे कोटींच्या वर धंदा झाला, ते पैसे कुणाच्या खिशातनं गेले?

आणि पूर्व भाग हे फक्त उदाहरण होतं.

यंत्रमागवाला
उदाहरण द्यायला नवी पेठ नाही आठवली? मल्टिप्लेक्सला पण तोच पिक्चर होता. तिथं पॉपकॉर्न खात हसले ते सुसंस्कृत, आणि आम्ही विडी वळणाऱ्यांची पोरं म्हणून जनावरं. असंच ना?

शाळेतल्या बाई
तुमचं पूर्व-पश्चिम चालू द्या. माझ्या वर्गात सातवीची पोरं आहेत. त्या जानेवारीत मधल्या सुट्टीत डोक्यावर स्टीलचा ग्लास ठेवून नाचायची, बॉबी देओलचं गाणं. तिथंवर मीही हसले. मग एका पोरानं बाकावरच्या मुलीला सांगितलं, "मी अल्फा आहे, माझं ऐकायचं." अल्फा म्हणजे पिक्चरात म्हणतात तो सगळ्यांवर हुकूम चालवणारा मर्द. ती रडली. प्रौढांसाठीचा सिनेमा, 'ए' प्रमाणपत्र, म्हणजे अठराच्या खालचं कुणी आत नको. मग सातवीच्या पोराला हे सगळं पाठ कसं? टॉकीजवाले तिकीट फाडताना डोळे मिटतात का?

डोअरकीपरचा मुलगा
बाई, मान राखून सांगतो, दारावर एक दिवस उभ्या राहा. माझे वडील आयुष्यभर उभे राहिले. बाप स्वतः कडेवर पोर घेऊन येतो, म्हणतो "झोपतंय की ते, सोडा." नाही म्हटलं की आवाज वाढतो, मग कुणाला तरी फोन, मग मॅनेजर धावत येतो आणि आमच्या वडिलांनाच ओरडतो. मागं दीडशे माणसं ओरडत असतात, गाणं सुरू झालंय म्हणून. कायदा सगळा दारात उभ्या असलेल्या एका माणसानं पाळायचा, पगार मात्र असा की तो पिक्चर त्याला स्वतःला तिकीट काढून बघता येत नाही.

आणि आता टॉकीजच राहिल्यात किती? ज्या राहिल्या त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवावं म्हणता.

करमाळ्याची
मी वेगळंच सांगते. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. शूटिंग आमच्या भागात, त्यामुळे निम्मा पिक्चर लोकांनी "ते बघ, आपल्याकडचं" असाच बघितला. 'झिंगाट' लागलं की पडद्यापुढं पाय ठेवायला जागा नसायची. शेवटी भाऊ पळून लग्न केलेल्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला मारतो, आणि त्यांचं बाळ रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा आवाज बंद, टॉकीज गप्प. बाहेर पडताना माझे चुलते म्हणाले, "भावानं केलं ते बरोबर केलं. घराला अब्रू असती."

दिग्दर्शक जेऊरचा, आमच्याच तालुक्यातला. त्यानं ज्या गोष्टीवर बोट ठेवलं तिचंच चुलत्यांनी समर्थन करून दाखवलं. शिट्टी नाही, टाळी नाही. चपला शोधता शोधता बोलले. शिट्ट्या मोजून माणसं ओळखणाऱ्या 'सात रस्ता'नी सांगावं, आमच्या चुलत्यांना कुठं बसवायचं?

सात रस्ता
हे तर माझ्याच बाजूचं झालं. सरळ सिनेमातून लोक वाकडं घेतात, मग मुळातच वाकड्या सिनेमातून काय घेतील?

यंत्रमागवाला
नाहीतर असं म्हणा, चुलते टॉकीजात जायच्या आधीपासून तसेच होते. 'सैराट' त्यांना बदलू शकला नाही, तर 'अ‍ॅनिमल' मला काय बिघडवणार? आणि एक लक्षात घ्या, आर्ची-परशा पळाले ते हैदराबादला. जीव वाचवायला शेवटी आमच्या तेलुगूवाल्यांकडंच यावं लागलं.

ज्वारीवाला, मंगळवेढा
'सैराट'चं नाव काढलंच आहे तर बोलतो. त्या पिक्चरनं खेड्याची वाट लावली. पोरींना बुलेट पाहिजे, ट्रॅक्टर पाहिजे. आमच्या गल्लीतली पोरगी कॉलेजला म्हणून गेली ती परत नाही आली. आईनं अंथरूण धरलं. नाचायला झिंगाट, आणि भोगायला आम्ही.

वकीलबाई
मी कोर्टात 'सैराट'च्या कितीतरी आधीपासून आहे. पळून आलेली जोडपी तेव्हाही यायची, घाबरलेली, पिशवीत दोन ड्रेस आणि शाळेचा दाखला. विशेष विवाह कायदा 1954 चा, सिनेमाचा नव्हे. त्यात 30 दिवसांची नोटीस बोर्डावर लागते. गावाकडचा कुणीतरी ती वाचतो, फोन जातो, आणि तिसऱ्या दिवशी जीप दारात. म्हणून पोरं रजिस्टर लग्न सोडून आळंदी गाठतात. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्वच्छ सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीला नाक खुपसायचा अधिकार नाही. तुमच्या गल्लीतली पोरगी सज्ञान होती का, एवढंच सांगा.

ज्वारीवाला, मंगळवेढा
होती. सज्ञान म्हणजे शहाणी होत नाही. वकिलांचं बरंय, पळाली तरी फी, परत आणली तरी फी.

वकीलबाई
फी कुणाकडून घेतली आणि कुणाकडून नाही, ते इथं मांडत बसत नाही. तुम्ही मात्र पोरीची चौकशी केलीत का कधी? जिवंत आहे, सुखात आहे, काही?

ज्वारीवाला, मंगळवेढा
आम्ही कशाला करायची? तुम्हाला पोरगी असती म्हणजे कळलं असतं.

करमाळ्याची
दादा, मीच ती पोरगी. तुमच्या गल्लीतली नाही, आमच्या गल्लीतली. चुलते ते वाक्य बोलले तेव्हा मी शेजारी उभी होते, आणि कुणाशी लग्न करायचं ते माझं ठरलेलं होतं. पिक्चरनं मला पळायला शिकवलं नाही. घरच्यांच्या तोंडून काय निघतं ते ऐकायला मिळालं, आणि मी सावध झाले. लग्न झालं, दोन पोरं आहेत. आई फोन करते, चोरून.

ज्वारीवाला, मंगळवेढा
तुमचं चांगलं झालं, देवाची कृपा. सगळ्यांचं होत नाही.

वकीलबाई
सगळ्यांचं होत नाही ते कुणामुळे, हाच तर प्रश्न आहे.

सात रस्ता
'अ‍ॅनिमल'वर बोलत होतो आपण.

यंत्रमागवाला
तुम्ही शिट्ट्यांवर बोललाव, आम्ही माणसांवर. बरं, माझंही एक ऐका. बूट चाटायच्या सीनला मी गप्प बसलो, उठून गेलो नाही. छत्तीसगडच्या त्या खासदार बाईंनी राज्यसभेत सांगितलं होतं, त्यांची पोरगी रडत अर्ध्यातनं बाहेर आली. मला तसं रडू आलं नाही. ते का आलं नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला असता तर मी विचार केला असता. तुम्ही एकदम लायकी काढली.

सात रस्ता
ठीक. 'पूर्व भाग' काढतो, 'अख्खं सोलापूर' घालतो. झालं समाधान?

यंत्रमागवाला
झालं. आता तुम्ही पण आत आलाव.

डोअरकीपरचा मुलगा
बाई, त्या सातवीच्या पोराचं पुढं काय केलं? तेवढं सांगा, आमच्याकडं बोट दाखवलंय म्हणून विचारतोय.

शाळेतल्या बाई
वडिलांना बोलावलं. सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग माझं तोंड बघून गप्प झाले. विचारलं, कुठल्या टॉकीजला नेलं होतं? म्हणाले, "छे हो मॅडम, तिकिटाला एवढे पैसे कोण घालणार? 26 जानेवारीला नेटफ्लिक्सवर आला की. सगळ्यांनी मिळून घरीच बघितला."

डोअरकीपरचा मुलगा
बघा. आणि शिव्या आमच्या बापाला.