सोरायसिस: प्रतिकारशक्ती कमी, मग ती दाबायचं औषध कशाला?

देवगडची सून
आमच्या ह्यांना चार वर्षं सोरायसिस हा कातडीचा रोग आहे. कोपरं, गुडघे, आता डोक्यातही. सकाळी चादर झटकली की नुसता भुसा. सासूबाई म्हणतात, अंगात ताकद नाही म्हणून होतं. गुळवेलीचा काढा चालू आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय, ते म्हणे प्रतिकारशक्ती दाबतं. खरं काय मानायचं? शिवाय एप्रिलात आंबे उतरवताना देठाचा चीक मनगटावर उडाला. भाजलं, खपली धरली, आणि पंधरा दिवसांनी चीक ओघळला त्याच रेघेत चट्टा उठला!

वेंगुर्लेकर
ताई, मला अकरा वर्षं आहे. मीही आधी काढेच प्यायलो, म्हणून कळकळीने लिहितोय. ताकद कमी नाहीये, ती आपल्याच कातडीवर चालून गेलीय. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई, त्वचेत शिरतात आणि इंटरल्युकिन १७ सारखी रसायनं सोडतात. त्यामुळे एरवी तळातून वर येऊन गळायला महिनाभर घेणारी पेशी आठवड्याच्या आत वर येते, तीही अर्धीकच्ची. तुमच्या चादरीवरचा भुसा तोच. १९७९ साली सांधेदुखीच्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर त्यांचे चट्टेही निवळले. मूळ प्रतिकारशक्तीत आहे ते तिथे दिसलं.

चिकाचं म्हणाल तर जखम झाली की तिथली प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि चट्टा उठतो. कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं. बागेत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा.

काढ्याचं डॉक्टरांना सांगितलंय का? मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर पडतो, आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

गुहागर
मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही! रोज घेऊन जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. आणि कुणी "एका सुईत साफ करतो" म्हटलं तर जाऊ नका. मी गेले होते. स्टेरॉइड होतं. महिनाभर कातडी लख्ख, मग पाठभर उसळलं. सांधे सकाळी आखडतात का, नखांवर बारीक खळगे आहेत का, तेही बघा. हाच रोग सांध्यात उतरतो.

देवगडची सून
ह्यांची बोटं सकाळी आखडतात. मी समजत होते, पेट्या उचलून होत असेल. आत्ता नखं उजेडात धरून बघितली, दोन अंगठ्यांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत. कॅलेंडरवर गोळीच्या रविवारांना गोल केले, काढा थांबवला. सोमवारी कणकवलीला नेते.