दिवाळीची पोस्त: कुणाला, किती, कधी आणि उचल वळती करायची का?

सिडको_एन७ (छत्रपती संभाजीनगर)

२४ फ्लॅटची बिल्डिंग आहे. धुणं-भांडी आणि फरशीच्या मावशींना महिना २,२०० रुपये, त्या दोन वर्षांपासून आहेत. स्वयंपाकाच्या ताईंना ४,०००, त्यांना दिवाळीपर्यंत पाच महिने होतील. मावशींनी लेकीच्या बाळंतपणासाठी ३,००० उचल घेतलेली आहे, त्यातला एक रुपयाही अजून फिटलेला नाही.

शिवाय एजन्सीचे दोन वॉचमन, जिना झाडणारी बाई, घंटागाडीवाले, दिवसाआड २० लिटरचा जार आणणारा, सिलेंडरवाला, आणि जेवण-सामान आणून देणारी पोरं. यातल्या कुणाला पोस्त (दिवाळीची बक्षिसी) म्हणून पगाराएवढं द्यायचं, कुणाला शंभर-दोनशे आणि कुणाला काहीच नाही? उचल बोनसमधून वळती करावी का? बिल्डिंगच्या ग्रुपवर २४ घरांची २४ मतं आहेत. नीट हिशोब सांगणारं कुणी असेल तर सांगा.

---

गंजगोलाई_लातूर

घरात रोज येणाऱ्यांचं आधी बघू, कारण खरी रक्कम तिथंच आहे.

नियम साधा: वर्ष भरलं असेल तर एक महिन्याचा पूर्ण पगार. हा आकडा हवेतून आलेला नाही. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो नियम २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू, घरकामाला नाही. पण रीत तीच धरली जाते, आणि ती धरावी.

मावशी: २,२००.
ताई: ४,००० × ५ ÷ १२ = १,६६७. वर सरकवून १,७०० द्या, खाली ओढू नका.

मध्येच पगार वाढवला असेल तर आत्ताच्या पगारावर धरा. मे महिन्यात तुम्ही गावी गेलात आणि काम बंद राहिलं, तर तो महिना मोजायचाच. सुट्टी तुम्ही घेतली होती, त्यांनी नाही. त्यांचे दोन-चार खाडे झाले असतील तर ते त्या-त्या महिन्यात मिटले. पोस्तीत पुन्हा काढू नका.

उचल वळती करू नका. तुमच्या हिशोबात ३,००० मधले २,२०० वसूल झाले असं दिसेल, पण सणाच्या तोंडावर त्यांच्या हातात शून्य पडतं. मग लेकरांच्या कपड्यांसाठी त्या दुसऱ्या घरी उचल मागतात, ते घर जास्त पगार देऊन त्यांना ओढून घेतं, आणि तुमचे उरलेले ८०० पण बुडतात. पोस्त पूर्ण द्या. उचलीसाठी दिवाळीनंतरच्या महिन्यापासून ५०० चा हप्ता बांधा, सहा महिन्यांत फिटते. साध्या वहीत तारीख, रक्कम, बाकी असे तीन रकाने आखा आणि दर महिन्याला त्यांच्यासमोर लिहा. निम्मी भांडणं “मी मागच्या महिन्यात दिले होते की” इथूनच सुरू होतात.

वेळ: वसुबारसेच्या आठ दिवस आधी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दिलेल्या पैशाची खरेदी कधी करणार? गुलमंडी-शहागंजात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि पैठणगेटला चांगला माल संपलेला असतो.

---

सचिव_बी_विंग

वॉचमनचं वेगळं आहे. त्यांचा मालक एजन्सी, तुम्ही नाही. एजन्सीच्या मासिक बिलाची फोड मागवा. मूळ वेतन, पीएफ, ईएसआय यांच्या खाली बऱ्याचदा “बोनस ८.३३%” अशी ओळ असते. ती असेल तर ते पैसे सोसायटीने आधीच भरलेत, फक्त वॉचमनच्या हातात पडले का ते विचारा. नसतील पडले तर पुढचं बिल अडवून धरा, हा हक्काचा मामला आहे. त्यावर तुम्ही जे द्याल ती पोस्त.

२४ घरांचे ३०० प्रमाणे ७,२०० होतात. दोन वॉचमनना २,५०० प्रमाणे ५,०००, जिना झाडणाऱ्या बाईंना १,५००, घंटागाडीवरच्या दोघांना ३५० प्रमाणे ७००. हिशोब पुरा.

चुकतं कुठे ते सांगतो. एक, पैसे सुपरवायझरकडे देणे. माणसाच्या हातात द्या आणि कागदावर सही किंवा अंगठा घ्या. दोन, वाटप दिवसा होतं आणि रात्रपाळीवाला राहून जातो. त्याचं पाकीट वेगळं काढून रात्री दहाला कुणीतरी खाली जायचं. तीन, दिवाळीच्या आठवड्यात बदलीवर आलेल्या माणसाला पूर्ण रक्कम जाते आणि वर्षभर गेटवर बसलेला गावी गेलेला असतो. गावी जायच्या आधीच त्याला गाठा.

काही घरं ३०० देणार नाहीत. त्यांच्यामागे लागू नका, पण कुणी किती दिले ही यादी ग्रुपवर टाकू नका. त्याने वर्गणी वाढत नाही, वैर वाढतं.

---

जालनारोड

दारावर येणाऱ्यांचं.

सिलेंडर: घरपोच आणून द्यायचा खर्च सिलेंडरच्या किमतीतच धरलेला असतो. पावतीवर आहे तेवढेच द्यायचे. “वरचे तीस” दर वेळी देत असाल तर दिवाळीला वेगळं काही द्यायची गरज नाही, आणि ते तीस दिलेच पाहिजेत असंही नाही. उलट वजन करून घ्या, काटा त्याच्याकडे असायला हवा. गॅस १४.२ किलो, अधिक टाकीचं रिकामं वजन जे वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. समजा १५.३ लिहिलंय, तर काट्यावर २९.५ यायला हवेत. एवढं ओझं लिफ्ट नसताना तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला दिवाळीचे १०० जरूर द्या, पण दिवाळीचे म्हणून, पावतीच्या वेळी घासाघीस करून नाही.

जारवाला: २० लिटर म्हणजे २० किलो पाणी. दिवसाआड म्हणजे महिन्याला १५ जार, ३०० किलो. आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा माणूस वॉचमनपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. एका महिन्याच्या जारच्या बिलाचा निम्मा भाग हा मला योग्य आकडा वाटतो. पैसे प्लांटच्या मालकाच्या क्यूआरवर टाकू नका, ते मालकाच्या खात्यात जातात. उचलून आणणाऱ्या पोराच्या हातात रोख द्या.

झोमॅटो-स्विगीची पोरं: रोज नवा चेहरा, त्यामुळे वार्षिक पोस्तीचा प्रश्न येत नाही. ॲपमधली टिप रायडरला जाते. साध्या दिवशी २०-३०. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मागवलं तर ५०, आणि तेही हातात. त्यांची कमाई ऑर्डरच्या संख्येवर असते, म्हणून लोकेशनची पिन नीट लावणे, फोन उचलणे आणि “दादा, जरा चौथ्या मजल्यावर या” म्हणून दहा मिनिटं न घालवणे हे वीस रुपयांपेक्षा जास्त मोलाचं आहे. सुटे तयार ठेवा, त्यांच्याकडे नसतात.

---

हिंगोलीकर

सगळेच दिवाळी-दिवाळी करायलेत म्हणून एक सांगतो. मावशींचा सण कोणता ते आधी विचारा. मराठवाड्यात कामाला येणाऱ्या कित्येक बाया मुस्लिम आहेत, त्यांना रमजान ईदच्या आठ दिवस आधी पैसे कामाला येतात. बौद्ध घरात १४ एप्रिलची खरेदी मोठी असते. रक्कम तीच, एका महिन्याचा पगार, फक्त तारीख त्यांची. “तुम्हाला दिवाळीला देऊ का ईदला?” एवढं विचारलं की झालं. कुणी निम्मं-निम्मं मागितलं तर तसं द्या.

गावाकडं हे नवं नाही. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला पालटतं, कपडे मिळतात पोळ्याला. लातूर-धाराशिवकडं येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात जेवण गड्याच्या घरच्यांसकट असतं. दिवाळी एकच तारीख हे शहरातलं खूळ.

---

माजी_तलाठी

जालनारोड यांच्या यादीत एक माणूस नाही ते बरं झालं: नळाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा. दिवाळीच्या नावाखाली गल्लीतून वर्गणी काढून त्याला पाकीट द्यायची पद्धत पडली आहे. ही पोस्त नाही. पोस्त ही झालेल्या कामाची, वर्षाच्या शेवटी, आणि तिच्याबदल्यात काही मिळत नाही. व्हॉल्व्हवाल्याला दिलेले पैसे पुढच्या वेळी अर्धा तास जास्त पाणी यावं म्हणून असतात, आणि तो अर्धा तास मागच्या गल्लीचा असतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे वर्गणी गोळा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. लाइनमन, मीटर रीडिंगवाला, पोस्टमन यांनाही रोख नको. फराळाची ताटली पुढे करा, पाणी विचारा, तेवढं पुरे.

दिवाळीत “आम्ही ड्रेनेजवाले, आम्ही झाडूवाले” म्हणून तीन-तीन टोळ्या दारावर येतात. “आपल्या गल्लीत गाडी किती वाजता येते?” एवढंच विचारा. खरा माणूस वेळ सांगून वर “तुम्ही ओला-सुका वेगळा करत नाही” हेही ऐकवतो.

---

सिडको_एन७

खूप आभार सगळ्यांचे. मावशी २,२००, ताई १,७००, उचलीचा ५०० चा हप्ता डिसेंबरपासून. सोसायटीचा कागद उद्या करतो. आता घरातून आग्रह आहे की मावशींना रोखीऐवजी साडी द्यावी, “पैसे काय, उडून जातात.” आणि रोख दिलेच तर जीपे करू का?

---

गंजगोलाई_लातूर

साडी रोखीच्या वर द्या, रोखीऐवजी नको. साडी म्हणजे पुढे फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई त्यांच्या खिशातून. रंग आवडला नाही तर ती पेटीत पडून राहते. चार घरांतून चार साड्या आल्या तर किराणा कशाने भरणार? कपाटातल्या वापरलेल्या साड्या द्यायच्या असतील तर जानेवारीत द्या, पोस्तीच्या दिवशी नाही. फराळाचंही तसंच: पहिल्या घाण्यातला, डब्यात भरून. भाऊबीजेनंतर उरलेला मऊ चिवडा नको.

फोनवर पाठवायच्या आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारा. बऱ्याचदा नंबर नवऱ्याचा किंवा पोराचा असतो, आणि मावशींना पैसे आले हे कळतच नाही. रोखच द्या, आणि सगळ्या पाचशेच्या नोटा नको. दोन हजारांत दोन पाचशेच्या, दहा शंभरच्या. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट, त्यावर त्यांचं नाव. शंभरच्या नोटांसाठी बँकेत आत्ताच सांगून ठेवा, धनत्रयोदशीच्या आठवड्यात काउंटरवर मिळत नाहीत.

आणि मावशींची घरेलू कामगार मंडळात नोंदणी झाली आहे का ते विचारा. २००८ च्या कायद्याखालचं हे मंडळ आहे, वय १८ ते ६० लागतं, अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. त्याला मालकाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात, कारण घरं सही द्यायला कचरतात. सही तुम्ही द्या. पाकिटासोबत तो कागदही देऊन टाका.