रोजची ये-जा आणि शनिवारी चिखलदऱ्याचा घाट : कोणती लहान गाडी घ्यावी?

पांदणवाट :
नमस्कार. मी चांदूर बाजार तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि घरापासून २२ किलोमीटरवरच्या शाळेत शिकवते. माझे माहेर चिखलदरा तालुक्यात असल्याने महिन्यातून दोन-तीन शनिवारी मी, यजमान, दोन मुले आणि कधी सासूबाई असे सर्वजण घाट चढून जातो. शिवाय संत्र्याच्या बागेपर्यंतचा दीड किलोमीटरचा पांदण रस्ता आहे. पावसाळ्यात तिथे काळी माती चाकाला अशी धरते की बैलगाडीसुद्धा अडते.

आजवर आम्ही मेव्हण्यांची जुनी ८०० सीसीची गाडी नेत होतो. मागच्या श्रावणात एका उभ्या वळणावर ती पहिल्या गिअरमध्येही चढेना, तेव्हा मुलांना आणि सासूबाईंना पावसात खाली उतरवावे लागले. त्यानंतर स्वतःची गाडी घेण्याचे ठरले. ऑन-रोड (कर, नोंदणी आणि विमा धरून) सात लाखांच्या आत बसेल, अॅव्हरेज चांगला देईल आणि घाटात दम टाकणार नाही, अशी नवी पेट्रोल गाडी हवी आहे. आल्टो के१०, वॅगनआर १.२ आणि टियागो या तिघींवर विचार येऊन थांबला आहे. सीएनजी भरायला आम्हाला वाट वाकडी करावी लागते, म्हणून तो पर्याय सोडला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काळीमाती :
ताई, माझ्याकडे टियागो आहे. रस्त्यावर भक्कम बसते, आणि ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२० च्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले होते. अॅव्हरेज मात्र वॅगनआरपेक्षा कमी मिळतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पांदणीचे म्हणाल तर ओल्या काळ्या मातीत तिघींपैकी एकही जाणार नाही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, दोन सेंटिमीटर वाढल्याने चिखलात पकड वाढत नसते. पावसाळ्याचे ते दोन महिने गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवून बागेपर्यंत पायी जावे लागेल.

जुनाफिटर :
मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक हा विषय अनेक वर्षे शिकवला, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर क्षमा असावी.

प्रथम हे पाहा की आपली अडचण गाडीच्या ताकदीची आहे, अॅव्हरेजची फारशी नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले आणि एक गाडी लिटरला २० तर दुसरी २४ किलोमीटर देते असे मानले, तर फरक होतो १०० लिटरचा, म्हणजे पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास धरले तर वर्षाचे साधारण साडेदहा हजार रुपये. ही रक्कम लहान नाही, परंतु घाटात क्लच जाळून घेतला तर एका दुरुस्तीत ती सहज निघून जाते.

आता चढाचे गणित. घाटाच्या पायथ्याचे परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आणि चिखलदरा १,१०० मीटरच्या थोडे वर, म्हणजे गाडीला माणसांसकट जवळजवळ साडेसातशे मीटर उचलायचे आहे. अकराशे किलोंचा भार तेवढा वर नेण्यासाठी सपाट रस्त्याच्या खर्चावर साधारण एक लिटर पेट्रोल जास्त लागते, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. वर हवा विरळ असल्याने, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाला पायथ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी हवा मिळते. म्हणजे जिथे ताकद सर्वांत जास्त हवी, तिथेच ती थोडी घटते.

त्यामुळे कागदावरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, नुसता न पाहता तो किती वजन ओढणार आहे हे पाहावे. आल्टो के१० चे ९९८ सीसीचे इंजिन ८९ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि गाडीचे वजन साडेसातशे किलोंच्या आसपास आहे. वॅगनआर १.२ मध्ये ११३ न्यूटन-मीटर आणि वजन आठशे तीस-चाळीस किलो. टियागोचा टॉर्कही ११३ च, पण ती शंभर किलोंहून अधिक जड आहे. आपली पाच माणसे आणि सामान मिळून तीनशे किलो वाढवा, म्हणजे दर टनामागे वॅगनआर पुढे, टियागो मध्ये आणि आल्टो मागे, असा क्रम लागतो. येथे एक गोष्ट टियागोच्या बाजूने सांगायला हवी : तिचा पूर्ण टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला ३,३०० फेऱ्यांवर मिळतो, तर वॅगनआरचा ४,४०० वर. वॅगनआर घाटात रेटायची असेल तर इंजिनाला आवाज करू द्यावा लागतो, आणि आपल्याकडे अनेकजण आवाज वाढला की घाबरून वरचा गिअर टाकतात. गाडी मग गुरगुरत मरते आणि दोष गाडीला लागतो.

आल्टो वाईट नाही. दोघांनी रोज ये-जा करायची असती तर मी तीच सुचवली असती. पाचजणांसाठी ती अपुरी पडेल.

घाटवळण :
जुनाफिटर यांचे सर्व पटते, पण चढण्याइतकेच उतरण्याकडेही लक्ष द्यावे. मी परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी या मार्गावर चौदा वर्षे प्रवासी गाडी चालवली आहे, आणि बिघडलेल्या गाड्या मला चढावर कमी व उतारावर जास्त दिसल्या. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, असे आम्हाला वस्तादाने शिकवले होते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडणारे अजूनही भेटतात. नव्या गाडीत गिअर पडलेला असताना पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जाणेच थांबते, उलट न्यूट्रलमध्ये ते सुरू राहते. म्हणजे पेट्रोलही जाते आणि तापलेले ब्रेकही साथ सोडतात. कोणी उतारावर इंजिनच बंद करतो, तेव्हा दोन-चार वेळा दाबताच ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतील ओलावा शोषते आणि तापल्यावर उकळते. पावसाळ्यात धुक्यात वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण असते.

डिझेलवाला :
माझे मत वेगळे आहे. याच पैशांत २०१८-१९ मधील १.३ लिटर डिझेल स्विफ्ट घ्यावी. १९० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही २,००० फेऱ्यांवर. घाटात तिसरा गिअरसुद्धा चालतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्याने तशी नवी आता मिळणार नाही.

जुनाफिटर :
घाटासाठी ते इंजिन उत्तम होते, यात वाद नाही. परंतु शाळेपर्यंतच्या रोजच्या फेरीसाठी सहा-सात वर्षे जुने डिझेल घेतले तर टर्बो आणि इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) यांची दुरुस्ती पुढे उभी राहते, आणि ती गावात होत नाही. जुनी घ्यायचीच तर एक सावधगिरी बाळगा : २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या उतरल्या, दलाल मात्र जुन्या गाडीचा भाव पूर्वीच्याच हिशेबाने सांगतात.

पांदणवाट :
सर्वांचे मनापासून आभार. वॅगनआर १.२ कडे मन झुकले आहे. एक शंका राहिली : एएमटी (क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी) घ्यावी की साधा गिअर? यजमानांना एएमटी हवी आहे.

घाटवळण :
वॅगनआरच्या एएमटीमध्ये हिल होल्ड असल्याने चढावर ब्रेक सोडताच गाडी मागे सरकत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र वळणाच्या तोंडावर ती स्वतःहून वरचा गिअर टाकते आणि मग चढ घेताना अडखळते. म्हणून घाटात मॅन्युअल मोडवर हातानेच पहिला-दुसरा ठेवावा लागतो. ते जमणार असेल तर घ्या, नाहीतर साधा गिअर बरा आणि स्वस्तही. टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. शोरूमवाले घाटापर्यंत गाडी देत नाहीत, पण एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर पाचजण बसवून, एसी सुरू ठेवून, थांबलेली गाडी पुन्हा उचलून पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात एसी बंद करणे शक्य नसते.

पांदणवाट :
येत्या रविवारी अमरावतीला जातो आहोत. सासूबाईंनाही नेणार आहे. मागच्या सीटवर मधोमध त्यांनाच बसायचे आहे, आणि गुडघा किती वाकवावा लागतो हे त्या स्वतः बसून पाहणार आहेत.